२४ मॉस्फेट: मरोळच्या एका कंट्रोलर कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

अंधेरी पूर्वेला, मरोळ एमआयडीसीत एका जुन्या गाळ्यात ही कंपनी आहे. तळमजल्यावर स्टोअर आणि टेस्टिंग, पहिल्या मजल्यावर एसएमटी लाइन (सर्किट बोर्डवर सुटे भाग मशीनने बसवणारी), आणि त्यावरच्या पोटमाळ्यावर आम्ही डिझाइनवाले. मालवाहू तीनचाकी ई-गाड्यांचे मोटर कंट्रोलर हा मुख्य धंदा, महिन्याला साधारण चारशे नग. कंपनीचं, गिऱ्हाइकांचं, पुरवठादारांचं नाव इथे देत नाही आणि कंपनीचे आकडे गोल केले आहेत. मी त्या काळात सुट्या भागांची निवड आणि त्यांची गुणवत्ता बघत होते. इथल्या काही निर्णयांवर माझी सही आहे. ते चुकले तिथे तसं लिहिलं आहे.

कंट्रोलरचं काम थोडक्यात असं. बॅटरीतला डीसी घ्यायचा, त्याचा तीन फेजचा एसी करायचा आणि मोटरला लागेल तेव्हा, लागेल तेवढाच द्यायचा. हे काम मॉस्फेट करतात, म्हणजे वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच. आमची बॅटरी ४८ व्होल्टची. पूर्ण चार्ज झाली की ती ५८ च्या आसपास जाते, म्हणून आम्ही १०० व्होल्टचे मॉस्फेट वापरतो. तीन फेज, प्रत्येक फेजला वरचा आणि खालचा असे दोन स्विच, आणि प्रत्येक स्विचमध्ये चार मॉस्फेट समांतर जोडलेले. म्हणजे एका कंट्रोलरला २४. माल भरलेली गाडी असल्फ्याच्या चढावर थांबून पुन्हा सुटते, तेव्हा एका फेजमधून अडीचशे-तीनशे अँपिअर जातात आणि ते या चार-चार तुकड्यांनी वाटून घ्यायचे असतात. वाटून घेणं हा शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळं घोडं तिथेच अडलं.

हे २४ च्या २४ परदेशातून येत. अनुदानाच्या योजनांमध्ये कंट्रोलर देशात बनलेला असावा अशी अट असे आणि आम्ही त्या अटीत बसत होतो. पीसीबीवरची (सर्किट बोर्डवरची) जोडणी इथली, हीटसिंक वसईचा, वायरिंग भिवंडीचं, सॉफ्टवेअर आमच्या पोटमाळ्यावरचं. पण वीज प्रत्यक्ष अडवणारा आणि सोडणारा एकही तुकडा देशातला नव्हता. २०२१ पर्यंत हा प्रश्न कोणी विचारला नाही. मीही नाही.

अडचण

२०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली आणि वीज गेल्याने ऑस्टिनचे फॅब, म्हणजे चिप बनवणारे कारखाने, बंद पडले. मार्चमध्ये जपानमधल्या नाका इथल्या रेनेसासच्या फॅबला आग लागली. कोविडमुळे ताणलेली साखळी त्या दोन महिन्यांत आणखी तुटली. आमच्यापर्यंत तो झटका जुलैत पोचला. डिस्ट्रिब्युटरचा दोन ओळींचा मेल आला: नेहमीच्या मॉस्फेटला आता ५२ आठवडे लागतील, आणि आधी दिलेल्या ऑर्डरच्या तारखाही पुढे जातील. स्टोअरमध्ये पाच आठवड्यांचा माल होता.

मोठ्या गाडी कंपन्यांचे खरेदीप्रमुख थेट फॅबच्या वरिष्ठांशी बोलू शकत होते. महिन्याला दहा हजारांच्या आत मॉस्फेट घेणाऱ्या मरोळच्या कंपनीचा फोन कोण उचलणार?

पाच आठवडे संपत आले तेव्हा आम्ही खुल्या बाजारात गेलो. एका व्यापाऱ्याकडे तोच पार्ट नंबर होता, मूळ किमतीच्या चौपट भावाने. मॉस्फेट पट्टीत गुंडाळलेल्या रीलवर येतात; त्या रीलवरचं लेबल नीटनेटकं, आतली ओलावा दाखवणारी पट्टीही बरोबर रंगाची. मी दहा नग तपासले, दहाही चांगले निघाले, मी सही केली.

दोन महिन्यांनी कंट्रोलर परत यायला लागले. सगळ्यांचं दुखणं एकच: एका फेजमधला एखादा मॉस्फेट जळून पीसीबीवर काळा डाग. स्टोअरमध्ये उरलेल्या रीलमधले नग मी टेबलावर घेतले आणि कापसाला ॲसिटोन लावून वरची छपाई पुसली. खऱ्या पार्टची लेझरने कोरलेली अक्षरं पुसली जात नाहीत. यातल्या काहींची अक्षरं गेली, कापूस काळा झाला आणि खाली दुसऱ्याच नंबरची पुसट खूण दिसली. बाहेरच्या प्रयोगशाळेतून एक्स-रे काढून आणला. एकाच रीलमध्ये दोन आकारांच्या डाय होत्या, म्हणजे आतला सिलिकॉनचा मूळ तुकडा काहींमध्ये लहान. लहान तुकड्याचा रोध जास्त, तापणं जास्त. व्यापाऱ्याने खऱ्या मालात खोटा मिसळला होता आणि माझे दहा नग नेमके रीलच्या सुरुवातीचे होते.

तो आठवडा मला आजही आठवतो. ज्या चालकाची गाडी बंद पडते त्याची त्या दिवसाची कमाई बुडते, शिवाय गाडीचा हप्ता थांबत नाही. आम्ही त्या रीलमधून बनलेले सगळे कंट्रोलर बदलून दिले. त्या खर्चाने वर्षाचा नफा गेला.

समोर असलेले पर्याय

२०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ७६,००० कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना मंजूर केली. सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, वर्तमानपत्राचं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं. ‘‘मॅडम, दोन वर्षं कळ काढली तर आपल्याला इथलाच माल मिळेल की.’’ मी त्या दिवशी होकारार्थी मान हलवली, पण घरी जाताना मेट्रोत हिशेब मांडत बसले, आणि तो जुळेना.

कारण ‘इथला माल’ म्हणजे काय, हेच आम्ही नीट विचारलं नव्हतं. पॉवर मॉस्फेट बनायचे टप्पे असे: शुद्ध सिलिकॉनचा वेफर, म्हणजे पातळ गोल चकती, त्यावर एपिटॅक्सीचा (वाढवलेल्या सिलिकॉनचा) थर, फॅबमध्ये त्यावर हजारो डाय, मग वेफर मागून घासून पातळ करणं, मागच्या बाजूला धातूचा थर, कापणी. यापुढे पॅकेजिंग: डाय तांब्याच्या चौकटीवर सोल्डरने बसवायची, वरून ॲल्युमिनियमच्या तारा किंवा तांब्याची पट्टी जोडायची, काळ्या रेझिनमध्ये मोल्ड करायचं, पाय वाकवायचे, टेस्ट करायची. प्रत्येक टप्पा वेगळ्या गावात, वेगळ्या देशात होऊ शकतो आणि बहुतेक वेळा होतोच.

पॉवर मॉस्फेटच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. मोबाइलच्या प्रोसेसरला लागतात तशा काही नॅनोमीटरच्या रेषा इथे लागत नाहीत. विद्युतप्रवाह डायमधून वरून खाली उभा जातो, आणि जुन्या, जाड रेषांच्या फॅबमध्येही उत्तम पॉवर डिव्हाइस बनतात. शिवाय उष्णता बाहेर काढण्याचं निम्मं काम पॅकेजिंगचं असतं. त्यामुळे पॅकेजिंग इथे आलं तर नुसतं लेबल बदलत नाही, पार्टच्या गुणवत्तेचा मोठा भाग आपल्या हाताशी येतो. लांबच्या फॅबमधला दोष आम्ही कधी बघू शकणार नव्हतो, पण पॅकेजिंगच्या कारखान्यात रात्रीची गाडी पकडून जाता येतं.

एवढं समजल्यावर पर्याय पुढे आले. पहिला, वर्षभराचा साठा करून ठेवायचा. बँकेने तेवढं खेळतं भांडवल दिलं नाही, विषय तिथेच संपला. दुसरा, आणखी एक परदेशी कंपनी मंजूर करून घ्यायची. हा सोपा होता आणि तो आम्ही केलाच, पण दोन्ही कंपन्यांचं पॅकेजिंग आग्नेय आशियात आणि चीनमध्ये, म्हणजे एकाच पुरात दोन्ही होड्या. तिसरा, देशी फॅब उभा राहीपर्यंत थांबायचं. तेव्हा एकाही फॅबची जागा ठरली नव्हती. चौथा, देशात पॅकेजिंग करणाऱ्या एका कारखान्याकडून परदेशी डाय बसवलेला मॉस्फेट घ्यायचा आणि तो वाहनासाठी लागणाऱ्या कसोट्यांतून काढायचा. तो माल तोवर इन्व्हर्टर आणि वीज मीटरच्या धंद्यात चालत होता, गाडीत कोणी लावला नव्हता.

चौथा पर्याय निवडला. सरांनी विचारलं, ‘‘मग हा पार्ट देशी म्हणायचा का?’’ मी म्हटलं, पॅकेजिंग देशी, वेफर तैवानचा. पुढे माहितीपत्रकावर ‘शंभर टक्के देशी’ छापायचा प्रस्ताव आला तेव्हाही मी हेच सांगितलं आणि सरांनी ते वाक्य काढायला लावलं. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण साखळीचा कुठला दुवा आपल्याकडे आहे आणि कुठला नाही हे स्वतःशी खरं बोललं, तरच पुढचा दुवा कुठे जोडायचा ते कळतं.

कोणी किती घ्यायचं

इथे पहिला मोठा अडसर आला, आणि तो तांत्रिक नव्हता.

वाहनांसाठीच्या एईसी-क्यू१०१ या कसोटीत तीन वेगवेगळ्या लॉटमधले प्रत्येकी ७७ नग लागतात आणि एकही नापास होऊन चालत नाही. लॉट म्हणजे सहसा २५ वेफर. आमची डाय साधारण पाच बाय पाच मिलिमीटरची, २०० मिलिमीटरच्या वेफरवर हजार-अकराशे बसतात. तीन लॉट म्हणजे ऐंशी हजारांच्या आसपास डाय. आमच्या खपाने तो आठ महिन्यांचा माल झाला, आणि पार्ट पास होईल की नाही हे कळण्याआधीच तो उचलायचा. पॅकेजिंगवाल्यांची बाजूही चूक नव्हती. फाउंड्री, म्हणजे वेफर बनवून देणारा फॅब, त्यांना अर्धा लॉट देत नव्हती, मग ते आम्हाला कसा देणार?

सर मूळचे सांगलीकडचे. मीटिंगमध्ये बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘‘एका शेतकऱ्याच्या उसासाठी कारखाना बॉयलर पेटवत नाही. अजून ऊस कुणाकुणाचा आहे ते बघा.’’

रबाळ्यात चार्जर बनवणारी एक कंपनी होती आणि वसईला आमच्यासारखेच कंट्रोलर बनवणारी दुसरी. दुसरी आमची थेट स्पर्धक. दोघांनाही १०० व्होल्टचे मॉस्फेट लागत, फक्त पॅकेज आणि रेटिंग थोडं वेगळं. स्पर्धकाला आपला खप सांगायचा की नाही, यावर आमच्यात दोन आठवडे वाद झाला. विक्रीप्रमुखांचा ठाम विरोध होता. शेवटी मार्ग निघाला तो असा: तिघांनी आपापला तिमाही आकडा थेट पॅकेजिंगवाल्यांना द्यायचा, एकमेकांना नाही. तिघांनी एकच पॅकेज, एकच रेटिंग मान्य करायचं. कसोटीचा खर्च तीन भागांत, आणि अहवाल तिघांच्या मालकीचा.

त्यासाठी आम्हाला बोर्ड नव्याने काढावा लागला. टीओ-२६३ या पॅकेजच्या जागेवर परदेशी दोन्ही आणि देशी असे तिन्ही बसतील अशी पॅडची, म्हणजे बोर्डवर पाय सोल्डर करायच्या जागांची, मांडणी केली. प्रत्येक मॉस्फेटच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, स्वतंत्र रेझिस्टर दिला, आधी चौघांत एक होता. तापमान मोजणारा थर्मिस्टर हीटसिंकच्या कडेवरून उचलून मधल्या फेजजवळ आणला. हे सगळं २०२२ च्या दुसऱ्या अर्ध्यात झालं. मला विचाराल तर साखळी तेव्हाच उभी राहायला लागली, पहिला देशी नग हातात येण्याच्या कितीतरी आधी.

कसोटी

२०२३ मध्ये नमुने आले. सगळ्या कसोट्यांचं वर्णन करत नाही, दोन सांगते.

एक, ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या ओव्हनमध्ये, मॉस्फेटवर ८० व्होल्टचा ताण ठेवून १००० तास. म्हणजे जवळजवळ ४२ दिवस. ही कसोटी मला सगळ्यात जवळची, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईत गाडीच्या सीटखाली काय असतं ते मी बघितलं आहे. दिवसा तापलेला कंट्रोलर रात्री समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत थंड होतो आणि आत दव धरतं. बर्फाळ देशात पास झालेला पार्ट इथे किती टिकेल हे त्या ४२ दिवसांवरून थोडंफार कळतं. तिन्ही लॉट यात पास झाले.

दुसरी तापमानाच्या हिंदोळ्याची: उणे ५५ ते १५० अंश, १००० फेरे. पहिल्या लॉटचे दोन नग गेले. दोनच, पण नियम शून्याचा आहे. एक्स-रेमध्ये डायखालच्या सोल्डरमध्ये बुडबुड्यांसारखी पोकळी दिसली. जिथे पोकळी तिथून उष्णता उतरत नाही, आणि फेऱ्यांगणिक सोल्डर तिथूनच चिरत जातं.

निर्णयाची घटका इथे होती. रबाळेवाल्यांचं म्हणणं पडलं की चार्जर घरात भिंतीवर असतो, त्याला एवढे हिंदोळे कुठले, आपण वापरायला सुरुवात करू. आमच्या विक्रीलाही घाई होती. मी पॅकेजिंगच्या कारखान्यात जाऊन आले. तिथले प्रोसेस इंजिनिअर वयाने माझ्याहून बरेच लहान, पण त्यांनी काही लपवलं नाही, सोल्डर वितळवण्याचा सगळा आलेख समोर ठेवला. दोष भट्टीतल्या एका टप्प्यात होता. त्यांनी व्हॅक्यूमखाली सोल्डर वितळवण्याची सोय बसवून घेतली आणि आम्ही तिघांनी तीन लॉट पुन्हा केले. चार महिने गेले. त्या चार महिन्यांत सरांनी मला एकदाही ‘झालं का’ असं विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

२०२४ च्या जानेवारीत तिन्ही लॉट शून्य नापास. मार्चपासून मालवाहू मॉडेलमध्ये देशी पॅकेजिंगचा मॉस्फेट सुरू झाला.

मे महिन्यातली गोष्ट

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं ते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात अंतिम टेस्टिंगला एक कंट्रोलर नेहमीपेक्षा लवकर तापून बंद झाला. टेस्टिंगचे काका अनुभवी माणूस, त्यांनी तो बाजूला ठेवून मला हाक मारली. आम्ही झाकण उघडून लोडवर चालवला आणि थर्मल कॅमेरा धरला. स्क्रीनवर चार मॉस्फेटची एक रांग: तीन पिवळसर, एक पांढराफटक. पांढरा बाकीच्यांपेक्षा तीसएक अंशांनी गरम. काका म्हणाले, ‘‘मॅडम, हा एकटाच राबतोय.’’

भिंग लावून छपाई वाचली. तीन परदेशी होते आणि एक देशी. एकाच स्विचमध्ये.

दोन्ही पार्ट आपापल्या जागी पूर्ण चांगले. दोष त्यांना शेजारी बसवण्यात. मॉस्फेट चालू व्हायला गेटवर ठरावीक व्होल्टेज लागतं. डेटाशीटमध्ये ते २ ते ४ व्होल्ट असं मोघम दिलेलं असतं. एका लॉटचे नग बरेचसे सारखे असतात, पण दोन कंपन्यांच्या नगांत अर्ध्या-पाऊण व्होल्टचा फरक सहज पडतो. ज्याचं व्होल्टेज कमी तो आधी चालू होतो आणि शेवटी बंद होतो. सेकंदाला हजारो वेळा, दर वेळी, काही क्षण सगळा भार तो एकटा झेलतो. वर तो तापला की त्याचं हे व्होल्टेज आणखी खाली येतं, म्हणजे तो आणखी आधी चालू होतो. आमचा देशी नग यात पुढे पळणारा होता.

पण ते एका बोर्डवर आले कसे? वर लाइनवर गेले. मशीनवर काम करणारा मुलगा घाबरला होता. मी विचारलं, रील कधी बदललीस? म्हणाला, ‘‘मॅडम, रील मध्येच संपली. दुसरी लावली, बारकोड मारला, सिस्टीमने हिरवा दिवा दिला.’’ त्याचं काही चुकलं नव्हतं. तिन्ही कंपन्यांचे मॉस्फेट मी सिस्टीममध्ये एकाच पार्ट नंबरखाली ‘पर्यायी’ म्हणून टाकले होते. अदलाबदल करता यावी हाच तर सगळ्या खटाटोपाचा हेतू होता. एका कंट्रोलरला एक कंपनी आणि दुसऱ्याला दुसरी चालेल, पण एकाच कंट्रोलरच्या आत मिसळण झाली तर चालणार नाही, ही मेख मला माहीत होती आणि सिस्टीमला मी ती सांगितली नाही.

गिऱ्हाइकाकडे काय गेलं हा पुढचा प्रश्न. मार्चपासून रील मध्येच बदलल्याच्या नोंदी मशीनमध्ये होत्या. त्यावरून संशयित बोर्ड निघाले ५२. त्यातले ३७ गाड्यांमध्ये लागलेले. एक मत असं होतं की सगळे टेस्टिंगमधून पास होऊन गेलेत, वाट बघू. २०२१ ची आठवण नसती तर कदाचित मीही तसंच म्हटलं असतं. सरांनी गिऱ्हाइकाला त्याच संध्याकाळी फोन केला, कारण सांगितलं आणि दहा दिवसांत ३७ कंट्रोलर बदलले. परत आलेल्यांत ११ खरोखर मिसळलेले निघाले. जळालेला एकही नव्हता.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न होता: देशी पार्टमुळे झालं का? त्यांच्या क्वालिटीवाल्यांना मी थर्मल कॅमेऱ्याची चित्रं दाखवली, मग दोन परदेशी कंपन्यांचे नग मुद्दाम मिसळून तोच प्रयोग त्यांच्या डोळ्यांसमोर केला. तिथेही एक नग पांढरा झाला. तो अर्धा तास आम्ही दिला नसता तर देशी पार्टवर कायमचा शिक्का बसला असता आणि दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं असतं.

काय बदललं

प्रत्येक कंपनीच्या मॉस्फेटला आता वेगळा अंतर्गत पार्ट नंबर आहे. उत्पादनाचा लॉट सुरू होताना कुठला लावायचा ते ठरतं आणि लॉट संपेपर्यंत दुसरी रील मशीन घेतच नाही, लाल दिवा लावतं. बोर्डच्या बारकोडवर मॉस्फेटची कंपनी आणि लॉट दोन्ही नोंदले जातात. पॅकेजिंगवाल्यांशी लेखी ठरलं आहे की सोल्डर, मोल्डिंगचं रेझिन किंवा वेफरचा स्रोत बदलायचा तर सहा महिने आधी कळवायचं. मिसळणीचा नियम फलकावर लिहून लाइनवर लावला आहे, मराठी आणि हिंदीत, आणि का लावला तेही खाली लिहिलं आहे.

निकाल

मालवाहू मॉडेलचे निम्म्याहून जास्त कंट्रोलर आता देशी पॅकेजिंगच्या मॉस्फेटवर जातात. किंमत सुरुवातीला नगामागे थोडी जास्त होती, २४ ने गुणल्यावर ते जाणवायचं. तिघांचा एकत्रित खप वाढल्यावर फरक जवळपास गेला. माल यायला ५२ आठवड्यांऐवजी आठ ते दहा आठवडे लागतात, आणि काही बिनसलं तर कोणाशी बोलायचं ते माहीत आहे.

२०२५ च्या सप्टेंबरअखेर डच सरकारने चिनी मालकीच्या नेक्सपेरिया या चिप कंपनीवर नियंत्रण आणलं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला चीनने तिच्या तिथल्या कारखान्यातून होणारी निर्यात रोखली. युरोपमधल्या वेफरचं पॅकेजिंग बहुतांशी चीनमध्ये, त्यामुळे जगभरच्या गाडी कंपन्या हादरल्या. आम्ही त्या आठवड्यात आमची सगळी पार्टयादी पुन्हा काढून बसलो. मॉस्फेटबद्दल निश्चिंत होतो. पण गेट ड्रायव्हरजवळचे (मॉस्फेटच्या गेटला इशारा देणाऱ्या चिपजवळचे) दीड-दोन रुपयांचे डायोड, झेनर, लहान ट्रान्झिस्टर यांना एकच स्रोत होता. महागड्या २४ कडे बघताना या चिल्लर पार्टांकडे कोणी बघितलंच नव्हतं. त्यातला एक नसला तरी कंट्रोलर पुढे सरकत नाही. त्यांना पर्यायी स्रोत शोधायचं काम त्याच आठवड्यात सुरू झालं.

मायक्रोकंट्रोलर, गेट ड्रायव्हर आणि करंट सेन्सर अजून पूर्ण परदेशी आहेत. गुजरातमध्ये धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची पीएसएमसी यांचा महिन्याला ५०,००० वेफरचा फॅब उभा राहतो आहे. २८ ते ११० नॅनोमीटरच्या त्या फॅबमध्ये मायक्रोकंट्रोलर आणि पॉवर मॅनेजमेंटच्या चिप बसू शकतात. साणंदला मुंबईच्याच सीजी पॉवरने रेनेसास आणि थायलंडच्या स्टार्स मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सबरोबर पॅकेजिंगचा कारखाना काढला आहे. ही बातमी वाचली की मला आमच्या ऐंशी हजार डायचा हिशेब आठवतो. कारखाने उभे राहतील, पण लहान खरेदीदारांचा खप एकत्र करून त्यांच्यापर्यंत नेणारी यंत्रणा अजून आपल्याकडे नाही. आमचे तिघांचे जमले ते सरांच्या स्वभावामुळे. उद्योग संघटनांनी किंवा एमआयडीसीच्या औद्योगिक वसाहतींनी हे मनावर घेतलं तर मरोळ, वागळे, रबाळे, वसई मिळून खप काही थोडा नाही.

वेगळं काय करता आलं असतं

खुल्या बाजारातली रील तपासताना नग सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे घ्यायला हवे होते, आणि ॲसिटोनची चाचणी आधी करायला हवी होती. त्याला दहा मिनिटं आणि पाच रुपयांचा कापूस लागतो.

दुसरा स्रोत बसेल असा बोर्ड पहिल्या दिवसापासून काढता आला असता. पॅडची मांडणी आणि अठरा जादा रेझिस्टर, एवढाच फरक. तो २०१९ मध्ये केला असता तर २०२१ मध्ये आम्ही चौपट भावाने खोटा माल घेतला नसता.

रबाळे-वसईशी बोलायला आम्ही वर्षभर उशीर केला. विक्रीप्रमुखांची भीती खोटी नव्हती, पण आकडे एकमेकांना न दाखवताही एकत्र येता येतं हे सुचायला वेळ लागला.

आणि लाइनवरच्या मुलांना आधी विचारायला हवं होतं. मेनंतर मी त्याच मुलाला विचारलं की दिवसातून किती वेळा रील मध्येच संपते. तो म्हणाला, ‘‘रोजच की.’’ ही एवढी माहिती मार्चमध्ये असती तर ११ बोर्ड तसे बनलेच नसते. बदल मंजूर करण्याच्या आमच्या फॉर्मवर आता लाइन ऑपरेटरच्या सहीची जागा आहे.

सध्या टेबलावर आहे ते बसच्या चार्जरचं काम. तिथे व्होल्टेज सहाशेच्या वर, म्हणून १२०० व्होल्टचे सिलिकॉन कार्बाइड मॉस्फेट. सिलिकॉनच्या जवळपास दहापट विद्युतक्षेत्र हा पदार्थ सहन करतो, त्यामुळे डाय पातळ आणि लहान, वाया जाणारी वीज कमी. ऑगस्ट २०२५ मध्ये भुवनेश्वरला सिकसेम या कंपनीच्या सिलिकॉन कार्बाइड फॅबला मंजुरी मिळाली आहे, वर्षाला ६०,००० वेफरची. तो माल हातात येईल तेव्हा येईल. तोवर बोर्डवर तीन कंपन्यांची पॅकेज बसतील अशी पॅडं काढून ठेवली आहेत, प्रत्येकीला स्वतंत्र पार्ट नंबर दिला आहे, आणि रबाळेवाल्यांना पुढच्या वर्षीचा खप विचारला आहे. त्यांचा आकडा या आठवड्यात यायचा आहे.